बंद पेटीतला राउटर : चंद्रपूरजवळच्या एका सुतारकारखान्यातील अतितापाचे प्रकरण

चंद्रपूरजवळच्या एका छोट्या सुतारकारखान्यात मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत एकाच राउटरची (लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या विद्युत हत्याराची) दोन आर्मेचर, म्हणजे मोटरीचे तांब्याची वळणे असलेले फिरते भाग, जळाली. पहिले जळाले तेव्हा दोष यंत्राच्या दर्जावर गेला, दुसरे जळाले तेव्हा विजेवर. तिसरे बसवल्यावरही वीस-पंचवीस मिनिटांच्या कामात यंत्राला हात लावणे अशक्य होऊ लागले आणि जळक्या वार्निशचा ओळखीचा वास पुन्हा येऊ लागला, तेव्हा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांनी मला बोलावले. विद्युत हत्यारांच्या मोटरी उघडणे आणि दुरुस्त करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. या प्रकरणात मात्र मोटर उघडून फारसे काही हाती लागले नाही. जे सापडले ते मोटरीच्या बाहेर, हातभर अंतराच्या आत होते.

कारखान्यात बल्लारशाच्या डेपोतून आणलेल्या सागाचे पॅनेलचे दरवाजे बनतात. दरवाज्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना खाच असते आणि कडा उतरत्या केलेले पॅनेल त्या खाचेत बसते. पॅनेल १८ मिलिमीटर जाडीचे असून त्याच्या चारही कडांना टोकाशी ६ मिलिमीटर जीभ ठेवावी लागते, म्हणजे अगदी टोकाला १२ मिलिमीटर साग उतरवावा लागतो. हे काम १८५० वॅटच्या, अर्ध्या इंचाच्या कोलेटच्या (बिट, म्हणजे कापणारे पाते, पकडणाऱ्या चापाच्या) राउटरवर होते. राउटर टेबलाखाली उलटा टांगलेला आहे, बिट टेबलाच्या पृष्ठभागातून वर येते आणि पॅनेल त्यावरून हाताने सरकवले जाते. बिट आडव्या पात्यांचे आणि ८२ मिलिमीटर व्यासाचे होते.

यंत्राचा वेग डायलने मिनिटाला ८,००० ते २२,००० फेऱ्यांपर्यंत ठेवता येतो. ८२ मिलिमीटरचे बिट २२,००० फेऱ्यांवर फिरवले, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने फिरेल. एवढ्या वेगाला पात्याचा तुकडा सुटला तर तो समोरच्या माणसाच्या पोटात जाईल. म्हणून या व्यासाच्या बिटांना साधारणपणे १०,००० ते १२,००० फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते. मिस्त्रींनी डायल ११,०००च्या आसपास ठेवून त्यावर रंगाची खूण केली होती. बिटाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते; मोटरीच्या दृष्टीने काय झाले ते पुढे येईलच.

माझ्या आधी दोन निदाने होऊन गेली होती. पहिले असे की व्होल्टेज कमी आहे. शेड गावाच्या टोकाला असल्याने बोर्डावर दुपारी २१८ व्होल्ट दिसत आणि मोठा रंधा चालू झाला की ते २०९ वर उतरत. मालकांनी त्यासाठी स्टॅबिलायझर घेतला, पण तापण्यात काही फरक पडला नाही. दुसरे निदान एका वायरमनचे होते. त्याने चिमट्याच्या मीटरने करंट मोजला, तो ६.१ अँपिअर भरला आणि यंत्राच्या पाटीवर तर ८ अँपिअरच्या घरातला आकडा होता. त्यावरून यंत्रावर जादा भार नाही, यंत्रच कच्चे आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

दोन्ही निदाने चुकीची होती, आणि दोन्ही चुका नेहमीच्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. राउटरची मोटर ही पाण्याच्या पंपासारखी इंडक्शन मोटर नसते. ती मिक्सरच्या जातीची, कार्बन आणि कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकावरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे, ज्याला कार्बन टेकून वीज पोहोचवतो) असलेली सीरिज मोटर असते. पंपाला व्होल्टेज कमी मिळाले की तो तोच वेग राखण्यासाठी जास्त करंट ओढतो आणि जळतो, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे प्रत्येक मोटरीला तोच नियम लावला जातो. सीरिज मोटरीत करंट मुख्यतः किती पीळ (फिरवण्याचा जोर) लागतो यावर ठरतो. व्होल्टेज घटले तर तिचा वेग घटतो. त्यातही या यंत्रात वेग स्थिर राखणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट होते. डायल ११,००० वर असताना हे सर्किट आलेल्या विजेचा बराच भाग आधीच अडवून ठेवत असते, त्यामुळे बोर्डावर वीस व्होल्ट कमी आले तरी ते आपली खिडकी थोडी जास्त उघडते आणि वेग तोच राहतो. थोडक्यात, स्टॅबिलायझरने सुधारावे असे तिथे फारसे काही नव्हतेच.

मीटरची चूक याच सर्किटातून आली. वेग कमी करताना हे सर्किट विजेच्या प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा भाग कापून टाकते. अशा कापलेल्या लाटेवर साधा मीटर फसतो, कारण तो सरासरी मोजतो आणि लाट सुबक आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो. तारेला तापवणारी खरी किंमत मोजणारा मीटर मी त्याच जागी लावला, तेव्हा त्याच कामात ८.३ अँपिअर दिसले. उष्णता करंटाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६.१ आणि ८.३ यांतला फरक उष्णतेच्या हिशेबात जवळजवळ दुपटीचा होतो. वायरमनचे वाचन प्रामाणिक होते, हत्यार चुकीचे होते.

जळालेली दोन्ही आर्मेचर मालकांनी टाकली नव्हती, हे माझे नशीब. आर्मेचर कसे जळाले हे त्याच्या रंगावरून बरेच कळते. एखाद्या वळणात शॉर्ट झाला असेल तर कम्युटेटरच्या एक-दोन पट्ट्या खाल्लेल्या दिसतात आणि तेवढीच वळणे काळी पडतात, बाकीचे तांबे ताजे राहते. इथे दोन्ही आर्मेचरांची सगळी वळणे टोकापासून टोकापर्यंत सारख्याच करपट तपकिरी रंगाची होती. म्हणजे दोष एका ठिकाणी नव्हता, संपूर्ण आर्मेचर दीर्घकाळ भाजले गेले होते. कार्बनच्या मागच्या स्प्रिंगही मऊ पडल्या होत्या. बोटाने दाबल्या तर त्या नव्या स्प्रिंगसारख्या उसळत नव्हत्या. स्प्रिंग मऊ पडली की कार्बन कम्युटेटरवर नीट टेकत नाही, ठिणग्या वाढतात आणि त्या ठिणग्या आणखी उष्णता निर्माण करतात. पण हा परिणाम होता, मूळ कारण नव्हे.

पहिली चाचणी सर्वांत सोपी केली. सकाळी राउटर टेबलाखालून काढला, त्याला १२ मिलिमीटरचे सरळ बिट लावले, वेग पूर्ण ठेवला आणि मिस्त्रींना अर्धा तास हाताने खाचा मारायला सांगितले. अर्ध्या तासाने बॉडी गरम होती, पण हात टेकवून ठेवता येत होता. वास नाही, ठिणग्या नेहमीसारख्या बारीक आणि निळसर. यंत्र निरोगी होते. हेच यंत्र टेबलाखाली गेले की आजारी पडत होते, म्हणून टेबलाखाली काय आहे ते पाहणे ओघाने आले.

टेबलाखाली प्लायवुडची पेटी होती. गेल्या हिवाळ्यात मालकांनी ती मुद्दाम बनवून घेतली होती, कारण सागाचा बारीक भुसा शेडभर उडत असे आणि कामगारांना शिंका आणि खोकला होत असे. हेतू चांगलाच होता. पेटीला मागच्या बाजूने डस्ट कलेक्टरचा १०० मिलिमीटरचा पाइप जोडलेला होता आणि पुढे एक दार होते. सुरुवातीला त्या दारात हवेसाठी एक आडवी फट ठेवलेली होती, पण आवाज आणि भुसा बाहेर येतो म्हणून फेब्रुवारीत तिच्यावर लाकडी पट्टी ठोकण्यात आली. पहिले आर्मेचर मार्चमध्ये जळाले. पट्टी आणि आर्मेचर यांचा संबंध तोवर कोणीच जोडला नव्हता, आणि त्यात कोणाला दोष देता येणार नाही, कारण या दोन गोष्टींमध्ये महिन्याभराचे अंतर होते.

दार उघडले तेव्हा पेटीच्या तळाशी चार बोटे भुसा साठलेला होता आणि राउटरचे शेपूट, म्हणजे बिटाच्या विरुद्ध टोक, त्या भुशात जवळजवळ बुडालेले होते. राउटरचा पंखा आर्मेचरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. तो शेपटाकडच्या फटींतून हवा आत ओढतो, फील्ड (आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइल) आणि आर्मेचर यांच्यामधून नेतो आणि कोलेटजवळच्या फटींतून बाहेर टाकतो. यंत्र हातात धरून वापरले जाते तेव्हा शेपूट वर असते आणि स्वच्छ हवा घेते. तेच यंत्र उलटे टांगले की श्वास घेण्याचे नाक सर्वांत खाली, भुसा पडतो तिथेच येते. त्यात सागाचा भुसा तेलकट असतो. तो सुट्या पिठासारखा झटकला जात नाही, गरम फटींवर त्याचा थर चिकटतो. शेपटाच्या फटींपैकी निम्म्या अशा थराने बुजलेल्या होत्या. तो थर मी नखाने खरवडून काढला तेव्हा त्याची पापडी निघाली.

पेटीत हवा कशी फिरते ते डोळ्यांनी पाहायचे होते. भुशाच्या जागी उदबत्ती पेटवणे धोक्याचे होते, म्हणून दाराच्या जागी पारदर्शक ॲक्रिलिकची शीट लावली आणि मिस्त्रींच्या झोळीतली घामोळ्याची पावडर मागून घेतली. चंद्रपूरच्या मे महिन्यात ती प्रत्येकाच्या झोळीत असतेच. पेटी साफ केली, राउटर ११,००० वर मोकळा चालू ठेवला, टेबलावरच्या भोकावर एक पॅनेल टाकले आणि कोपऱ्यातल्या छोट्या छिद्रातून चिमूटभर पावडर फुंकली. पांढरा ढग कोलेटजवळून बाहेर फेकला गेला, पेटीच्या भिंतीवर आपटला, भिंतीच्या कडेने खाली उतरला आणि सरळ शेपटाच्या फटींत शिरला. पुन्हा कोलेटजवळून बाहेर, पुन्हा खाली. कलेक्टर चालू असूनही ढगातला थोडाच भाग पाइपकडे जात होता. दोन-तीन फेऱ्या पाहिल्यावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे तं आपलीच वाफ आपणच घेऊन राह्यली." निदान यापेक्षा नेमके मलाही सांगता आले नसते.

कलेक्टर असूनही असे का व्हावे, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. कलेक्टर पेटीतून हवा ओढतो खरा, पण तेवढीच हवा कुठून तरी पेटीत यावी लागते. दाराची फट बंद झाल्यावर हवा येण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागातले बिटाभोवतीचे भोक. पॅनेल कापायला घेतले की ते नेमके त्याच भोकावर येते. म्हणजे यंत्राला सर्वांत जास्त हवा हवी त्या क्षणी शेवटचा दरवाजाही बंद होत होता. कलेक्टर मग रिकाम्या बाटलीतून तोंडाने हवा ओढावी तसा घरघरत राहायचा. पेटीतल्या हवेचे तापमान मोजले, तेव्हा शेडमध्ये ४३ अंश असताना वीस मिनिटांच्या कामानंतर पेटीत ६१ अंश भरले. मोटर थंड करायला जी हवा आत जात होती ती ६१ अंशांची होती.

आता कमी वेगाकडे येऊ. पंख्याचा नियम सरळ आहे. वेग निम्मा केला तर हवेचे प्रमाण निम्मे होते, आणि हवेला ढकलणारा दाब चौथ्या हिश्शावर येतो. ११,००० फेऱ्यांवर हा पंखा पूर्ण वेगाच्या निम्मीच हवा ओढत होता, आणि अर्धवट बुजलेल्या फटींतून ती ओढायला त्याच्याकडे दाब मात्र पावच होता. दुसरीकडे मोटरीवर लागणारा पीळ कमी झालेला नव्हता. तेवढेच लाकूड कमी फेऱ्यांत काढायचे तर प्रत्येक फेरीला जास्त पीळ लागतो, आणि सीरिज मोटरीत पीळ म्हणजेच करंट. म्हणून कमी वेगाला चालवलेला राउटर कमी दमतो, ही समजूत इथे उलटी ठरते. रिकामा असेल तर तो खरोखर कमी दमतो. पण भार देऊन मंद चालवलेला राउटर उष्णता जास्त करतो आणि ती बाहेर मात्र कमी टाकतो.

कारखान्यातल्या तरुण मदतनिसाने हे ऐकून लगेच डायल २०,००० वर नेण्याची सूचना केली. ती तिथल्या तिथे नाकारावी लागली. ८२ मिलिमीटरचे बिट त्या वेगाला फिरवणे म्हणजे मोटर वाचवून माणूस धोक्यात घालणे होते. याच मदतनिसाची दुसरी सवयही त्या दिवशी बंद केली: यंत्र तापले की तो बॉडीवर ओले गोणपाट गुंडाळत असे. त्याने फटी झाकल्या जातात, ओल आत खेचली जाते आणि हातात विजेचे यंत्र असताना ओल कुठे जाईल याचा भरवसा नसतो. मिस्त्रींची पद्धत मात्र योग्य होती. ते जड कापणी झाल्यावर यंत्र लगेच बंद न करता मिनिटभर मोकळे फिरवत. पंखा थांबला की आतली उष्णता अडकून पडते आणि बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बॉडी आणखी तापते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

बॉडीला हात लावून किंवा बाहेरून तापमानाची पिस्तूल रोखून आतल्या तांब्याचे तापमान कळत नाही. ते तांब्यालाच विचारावे लागते. तांबे तापले की त्याचा विद्युत रोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो: दर अंशाला साधारण ०.४ टक्के. मी शेपटाकडची टोपी उघडून फील्डच्या एका कॉइलच्या दोन टोकांना बारीक वायरी जोडल्या आणि त्या बाहेर काढल्या. पहाटे, यंत्र रात्रभर बंद राहून ३४ अंशांवर आले असताना, त्या कॉइलचा रोध ६०२ मिलीओम भरला. साध्या मल्टिमीटरने एवढा लहान रोध भरवशाने मोजता येत नाही, त्यासाठी चार वायरींचा मिलीओम मीटर लागतो. प्रत्येक चाचणीनंतर प्लग काढून मिनिटाच्या आत हाच रोध पुन्हा मोजायचा आणि दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून तापमान काढायचे, असे ठरवले.

या मापनाची पहिली चाचणी जसे चालले होते तसेच चालू ठेवून केली: दार बंद, बिट ८२ मिलिमीटरचे, वेग ११,००० आणि उतार दोन टप्प्यांत. वीस मिनिटांनी रोध ८५८ मिलीओम झाला होता. हिशेबाने कॉइलचे तापमान १४८ अंश निघाले. ही कॉइलची सरासरी असते. तिच्या पोटातला सर्वांत गरम बिंदू याहून वर असतो, आणि आर्मेचर तर बहुधा फील्डपेक्षाही जास्त तापते. वाइंडिंगचे इन्शुलेशन १३० अंशांच्या वर्गाचे असते, १५५ अंशांच्या वर्गाचे असते आणि १८० अंशांच्या वर्गाचेही असते. यंत्रावर वर्ग लिहिलेला नव्हता, पण हत्यारांत सहसा दिसणाऱ्या पहिल्या दोन वर्गांपैकी कोणताही धरला तरी १४८ च्या सरासरीत आर्मेचर फार काळ जगणार नाही. दर दहा अंशांच्या वाढीला इन्शुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ढोबळ नियम आहे, आणि जळालेल्या आर्मेचरांचा करपट रंग त्याला साक्ष देत होता.

त्यानंतर एका वेळी एकच बदल केला. घाईच्या कामात हा संयम कोणालाच आवडत नाही. चाळीस दरवाज्यांची ऑर्डर उरावर असताना मालकांनी दोन दिवस तो पाळला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. दुसऱ्या चाचणीत पेटी साफ केली, फटी ब्रशने मोकळ्या केल्या आणि दार सताड उघडे ठेवले. बाकी सारे तसेच. रोध ८११ मिलीओम, तापमान १२७ अंश. नुसती हवा मोकळी झाल्याने एकवीस अंश उतरले. तिसऱ्या चाचणीत दार उघडेच ठेवून उतार दोनऐवजी तीन टप्प्यांत काढला. रोध ७७७, तापमान ११२ अंश. पूर्वी हे काम तीन टप्प्यांतच होत असे. ऑर्डरीच्या घाईत फेब्रुवारीपासून ते दोनवर आणले होते. म्हणजे दाराची फट बंद होणे आणि टप्पा कमी होणे हे दोन्ही एकाच महिन्यात घडले होते. एकटी चूक कदाचित यंत्राने सोसली असती.

या मापनांत मोठा हिस्सा कोणाचा हे इथवर स्पष्ट झाले होते, तरी काही लहान वाटेकरीही होते. वीज २५ मीटरच्या एक्स्टेन्शन रीलवरून येत होती आणि रीलची वायर एक चौरस मिलिमीटरची होती. जाण्या-येण्याच्या पन्नास मीटर तांब्याचा रोध जवळजवळ एक ओम भरतो, म्हणजे आठ अँपिअरला साठेक वॅट उष्णता त्या रीलमध्ये निर्माण होत होती. गुंडाळलेल्या रीलच्या आत जुना साठ वॅटचा बल्ब लावून ठेवल्यासारखे हे होते. आतले वेढे हाताला मऊ लागत होते. यामुळे राउटर तापत नव्हता, पण शेडमधल्या भुशाला आग लागण्याचे ते निमित्त झाले असते, म्हणून अडीच चौरस मिलिमीटरची पक्की लाइन टेबलापर्यंत ओढून घेतली. दुसरा वाटेकरी बिटाची धार. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती कार्बाइडची धारही बोथट करते. पात्याची कड उजेडात तिरकी धरली तर चांगली धार दिसत नाही, आणि बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते. इथे दोन्ही पात्यांवर ती रेघ स्पष्ट होती आणि पात्याच्या पाठीवर करपलेल्या तेलाचा काळा थर होता. बोथट पाते कापत कमी आणि घासत जास्त असल्यामुळे पॅनेलच्या आडव्या टोकांवर जळकट डाग पडत होते, आणि ते घासून काढायला एक वेगळा माणूस लागत होता.

खरा पेच बिटाच्या व्यासाचा होता. मोटरीला वेग हवा होता आणि बिटाला तो चालत नव्हता. यातून वाट निघाली ती उभ्या पात्यांच्या बिटाने. आडव्या बिटात पॅनेल टेबलावर आडवे ठेवून सरकवतात आणि उताराची सगळी रुंदी बिटाच्या व्यासात मावावी लागते. उभ्या बिटात पॅनेल उभे धरून कुंपणाला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला, टेकवून सरकवतात, त्यामुळे तोच उतार बिटाच्या उंचीत मावतो आणि व्यास ३८ मिलिमीटरवर येतो. त्या व्यासाला १८,००० फेऱ्या चालतात, आणि तरीही टोकाचा वेग सेकंदाला ३६ मीटरच राहतो, म्हणजे ११,००० वर फिरणाऱ्या मोठ्या बिटाच्या ४७ मीटरपेक्षाही कमी. मोटरीचा वेग ११,००० वरून १८,००० वर गेला की तेवढ्याच कामाला पीळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी लागतो आणि पंखा पूर्वीपेक्षा साठेक टक्के जास्त हवा ओढतो. एका बिटाने दोन्ही बाजू साधल्या. त्याची किंमत म्हणजे उंच कुंपण बनवावे लागले आणि मोठी पॅनेले उभी धरताना डगमगू नयेत म्हणून कुंपणावर दाबपट्ट्या बसवाव्या लागल्या. मिस्त्रींना ही पद्धत पहिले दोन दिवस पटली नाही. सव्वा मीटरचे पॅनेल उभे सरकवायला त्यांचे हात सरावलेले नव्हते, आणि त्यांची तक्रार रास्त होती.

पेटी मोडून टाकायची नाही, हे मालकांनी आधीच सांगितले होते, आणि मलाही ते मान्य होते. भुसा फुप्फुसात जाण्यापेक्षा पेटीत गेलेला बरा. म्हणून तिचे दोन मजले केले. मोटरीच्या कमरेभोवती, शेपटाकडच्या फटी आणि कोलेटकडच्या फटी यांच्यामध्ये, प्लायवुडचा आडवा पडदा बसवला. उंची कमी-जास्त करताना राउटर वर-खाली सरकतो, त्यामुळे पडदा आणि बॉडी यांच्यात लवचीक गळपट्टी लागणार होती. ती ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापली. खालच्या मजल्यात शेडच्या उत्तरेकडच्या सावलीतून १०० मिलिमीटरच्या पाइपने बाहेरची हवा आणली आणि पाइपच्या तोंडावर साधी डासांची जाळी लावली. बारीक फोमचा फिल्टर लावण्याचा आग्रह झाला होता, तो मी मोडून काढला, कारण असा फिल्टर आठवड्यात गच्च होतो आणि मग आपण पुन्हा पट्टी ठोकलेल्या दारापाशी येतो. कलेक्टरचा पाइप वरच्या मजल्याला ठेवला. या रचनेत कलेक्टरची ओढ मोटरीच्या कामी येते: श्वास घेण्याच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब आणि श्वास सोडण्याच्या बाजूला कलेक्टरची ओढ, म्हणजे पंखा थकला तरी हवा त्याच दिशेने ढकलली जाते. पूर्वी नाक आणि तोंड एकाच खोलीत असल्यामुळे कलेक्टर कितीही मोठा आणला असता, तरी मोटरीला त्याचा उपयोग झाला नसता.

नव्या पेटीत, नव्या बिटावर, १८,००० फेऱ्यांवर आणि तीन टप्प्यांत शेवटची चाचणी घेतली तेव्हा शेडमध्ये ४२ अंश होते. वीस मिनिटांनंतर रोध ७४१ मिलीओम आणि तापमान ९६ अंश होते. यंत्र तसेच चालू ठेवून आणखी चाळीस मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा आकडा दोनच अंशांनी वाढला होता, म्हणजे तापमान स्थिरावले होते. पावडरीचा प्रयोगही पुन्हा केला. ढग वर गेला आणि पाइपमध्ये नाहीसा झाला, खाली काहीच आले नाही. तीन टप्प्यांमुळे प्रत्येक पॅनेलला वेळ जास्त लागतो, असे मालकांनी सुरुवातीला बोलून दाखवले. पण पूर्वी दर पाऊण तासाला यंत्र थंड होण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे काम थांबत असे आणि जळकट डाग घासायला एक माणूस अडकत असे. हे दोन्ही बंद झाल्यावर दिवसाची पॅनेले पूर्वीपेक्षा थोडी जास्तच निघू लागली.

यंत्राच्या देखभालीत दोनच बदल केले. कंप्रेसरच्या हवेने राउटर साफ करताना नळी शेपटाच्या फटीला टेकवून पूर्ण दाबाने हवा मारली जात असे. त्याने भुसा निघण्याऐवजी वाइंडिंगच्या आत ठासला जातो, आणि टाकीत पाणी साठलेले असेल तर तेही आत जाते. आता टाकीतले पाणी आधी सोडतात, दाब कमी ठेवतात आणि नळी वीतभर लांब धरतात. दुसरे, मऊ पडलेल्या स्प्रिंगसह कार्बनचा पूर्ण संच बदलला आणि दर महिन्याला कार्बनची लांबी मोजून भिंतीवर लिहायचे ठरले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नव्या रचनेतही मोटरीची सगळी गरम हवा कोलेटकडच्या बेअरिंगला घासूनच बाहेर पडते, आणि यंत्र उलटे असल्यामुळे बिटाकडून गळणारा बारीक भुसाही त्याच बेअरिंगच्या तोंडावर पडतो. पहिल्या आर्मेचरसोबत बदललेल्या बेअरिंगचे ग्रीस मे महिन्यात उघडून पाहिले तेव्हा ते सुकून काळपट गोळी झाले होते. सध्या दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग बसवले आहे आणि कोलेटच्या नटाखाली चामड्याची चकती घातली आहे. पावसाळा संपल्यावर यंत्र उघडून ते पुन्हा पाहायचे ठरले आहे.